बाहेर गेलीय, वय सहा

मु. पो. दिघा (पण लिहितोय नेरूळला बसून, कारण पुढे येईल)
२७ एप्रिल, रविवार

आदरणीय किसनतात्या यांस,

पुतण्या अंकुशचा सविनय जयभीम (सविनय म्हणजे वाकून, पण तुम्हाला वाकलेला माणूस आवडत नाही, म्हणून उभ्यानेच). तुमची तब्येत कशी आहे? डावा गुडघा पायरी चढताना अजून वाजतो का? कोंबड्या किती उरल्या, आणि मुंगूस सापडलं की अजून तेच जेवतंय? यंदा फणस किती लागले तेही कळवा, कारण शुभदाताई म्हणते पस्तीस, आमचे बाबा म्हणतात बारा, आणि दोघांपैकी एकानेही गावी जाऊन पाहिलेलं नाही. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा तूर्त तसं समजावं.

मागच्या पत्रातल्या एकतीस चुका तुम्ही लाल पेनाने काढून ते पत्र मलाच परत पाठवलंत आणि खाली शेरा मारलात, ‘अक्षर बरे. विषय सोडून भटकू नये.’ तात्या, मी कॉलेज सोडलं, तीन नोकऱ्या सोडल्या, विषय सोडायला कितीसा वेळ लागतो? पण या वेळी सोडणार नाही. फोन करणार होतो, पण तुम्हीच म्हणता ना, फोनवर माणूस थापा मारतो, कागदावर मारायला गेला तर त्याचा हात दुखतो. माझा हात दुखत नाहीये. यावरून काय ते समजा. आणि एक गोष्ट आधीच लिहून टाकतो: या पत्रात भूत नाही. आपल्या घरात भूत नसतं हे तुम्ही मला सातव्या वर्षी भर दुपारी चिंचेखाली एकट्याला उभं करून शिकवलं आहे. ‘दिसलं काही?’ ‘नाही तात्या.’ ‘मग घरी चल.’ ते मी विसरलेलो नाही. म्हणून पुढचं सगळं भूत वगळून वाचावं.

आता मी नेरूळला कसा. तुम्हाला वाटत असेल मी अजून पार्सलं पोचवतो. ते माघातच सुटलं (कुत्रा, एक केक आणि कोपरखैरण्यातले एक निवृत्त फौजदार, पुन्हा कधीतरी). मग मी उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्यावर गेलो. तिथून मुंबईला लाँच जाते, तिचा दोर फेकायचं काम. तिथे दमयंतीबाई म्हणून सुकी मासळी विकणाऱ्या एक बाई होत्या, त्या मला दुपारी जेवायला घालायच्या. पहिल्याच दिवशी मी मोकळं ताट दिसलं म्हणून पुढ्यात ओढलं, तर ओरडल्या, “ते नको रं पोरा, सासऱ्याचं ताट हाय. भायेर गेलाय तो.” मी गुपचूप दुसरं घेतलं. म्हटलं म्हातारा आला की माफी मागू. तीन दिवस वाट पाहिली. ताट रोज मांडायचं, रोज पुसून ठेवायचं, म्हातारा काही येईना. चौथ्या दिवशी त्यांच्या जावेने सांगितलं की सासरा होडी घेऊन गेला त्याला तीस वर्षं झाली. बाईंनी ‘गेला’ असं कधी म्हटलंच नाही. गेला म्हटलं की गेलाच. ‘बाहेर गेलाय’ म्हटलं की दार उघडं राहतं. मला जेवण जाईना. अकराव्या दिवशी ज्या लाँचचा दोर फेकायचा, तिच्यातच चढून बसलो. (हे विषय सोडून नाही, तात्या. लाल पेन खाली ठेवा. हे मला पुढे लागणार आहे.)

तेवढ्यात शुभदाताईचा फोन. तुमची लेक म्हणून सांगत नाही, पण ताईला एक वेड लागलंय. तिने ऑनलाइन वर्ग लावला, डिजिटल स्क्रॅपबुकचा. पूर्वी लोक वहीत फोटो चिकटवायचे, बाजूला मोरपीस, एसटीचं तिकीट, वाळलेलं फूल, खाली दोन ओळी. आता तेच कॉम्प्युटरवर. डिंक लागत नाही, फूल वाळत नाही आणि चूक झाली तर पुसून टाकता येते. (यातली तिसरी गोष्ट खोटी आहे.) ताईने घरात एक वस्तू सोडली नाही. दाजींनी पहिल्यांदा आमटी केली त्याचं पान. तुमच्या नातीच्या, अक्षताच्या, पडलेल्या दातांची चार पानं, त्यातला एक दात बहुतेक शेजारच्यांचा. फ्रिजची वॉरंटी संपली त्या दिवसाचं पान, काळ्या बॉर्डरमध्ये. तुमचंही आहे: तुम्ही पंधरा ऑगस्टला भाषण करताय आणि टकलावर निळं फुलपाखरू बसलंय. मी म्हटलं, ताई, तात्या मारतील. म्हणाली, “अरे, किती जिवंत वाटतंय बघ.” अश्विनदाजी तर आता ताट समोर आलं की फोटो काढून होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसतात. सवय झालीय.

पण खरा प्रकल्प आजीचा. तुम्ही माघारी गावी गेल्यापासून बयाबाई आजी कुणाला ओळखत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. ताईला ‘शिष्टर’ म्हणते, दाजींना ‘कंडक्टर’, मला काहीच म्हणत नाही. ते चालतं. पण मार्चपासून ती जेवेनाशी झाली. ताट पुढे ठेवलं की मोजते. भाकरीवर बोट ठेवून, “किसन, नंदू, दोन पोरी...” आणि मग थांबते, दाराकडे बघते, आणि ताट सरकवते. एक राहिलंय म्हणते. ते आल्याबिगर कशी जेवू म्हणते. डॉक्टर म्हणाले जुने फोटो दाखवा, माणसं आठवतील, जीव लागेल. ताईने ठरवलं की बुद्धपौर्णिमेला सगळे नेरूळला खिरीला जमतात, तोवर आजीच्या आयुष्याचं स्क्रॅपबुक करायचं, टीव्हीवर लावायचं आणि छापूनही घ्यायचं. फोटोंची पत्र्याची पेटी काढायला ती स्टुलावर चढली. पेटी आली, ताईही आली, मनगट प्लास्टरमध्ये. आणि खानदानात रिकामा माणूस कोण, तर मी.

काम सोपं होतं. सॉफ्टवेअर आधी एक फॉर्म भरायला लावतं. घरात कोण कोण, जन्म कधीचा, एकेकाचा चेहरा. मग जुन्या फोटोत ते स्वतःच माणसं ओळखतं, खाली नाव आणि वय लिहितं, वाळवीने खाल्लेली जागा भरून काढतं. मी दुपारी आजीच्या खाटेशी बसून फॉर्म भरत होतो. दाजी ऑफिसात, ताई प्लास्टर बदलायला गेलेली. दुपारी दोनला नेरूळची इमारत कशी असते ते तुम्ही पाहिलंय, सगळी दारं बंद, लिफ्टसुद्धा झोपलेली. एकूण मुलं किती, अशी चौकट आली. मला माहीत होतं चार: तुम्ही, बाबा आणि दोन आत्या. पण म्हटलं विचारावं. “आजी, लेकरं किती तुला?” ती लगेच म्हणाली, “पाच.” आता तुम्हीच सांगा, तिच्या पोटची, तिला जास्त माहीत की मला? (आणि खरं सांगू का, दोन आत्यांपैकी एक आखाती देशात असते, तिला मी दोनदाच पाहिलंय. अजून एखादी असेलही, असंच मला वाटलं. आपल्या खानदानात कोण कुठे असतं कुणाला ठाऊक?) मी पाच लिहिले. पाचव्याचं नाव काय, विचारलं. आजी दाराकडे बघून म्हणाली, “भायेर गेलीय.” कितवी? “किसनच्या पाठची. तीन वरसांनी धाकली.” मी जन्मसाल टाकलं. फोटो नव्हता, ती चौकट रिकामी ठेवली. नाव टाकल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून आजी म्हणाली तेच टाकलं, फक्त तुमच्या धाकाने शुद्ध करून: बाहेर गेलीय. नंबरही लागत होता, तो माझा टाकला. चूक झाली ती इथे. बाकी सगळं मशीनचं.

पेटीत सगळ्यात जुना फोटो तुम्हाला आठवत असेल. चौसष्ट सालचा, वीस मार्चला चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला सगळे महाडला गेलेले तेव्हा स्टुडिओत काढलेला. आजोबांच्या अंगात स्टुडिओतला उसना कोट, बाह्या बोटांच्या खाली. आजीच्या मांडीवर आमचे बाबा, मुठी आवळून. मागे पडद्यावर रंगवलेला जिना, जो कुठेच जात नाही. आणि तुम्ही, नऊ वर्षांचे, भांग पाडलेले, बाजूला. आत्या तेव्हा झालेल्याच नव्हत्या. तुमच्या आणि आजीच्या मध्ये ओल लागून फोटो पार गेलेला, पांढरा डाग. मी फोटो आत टाकला, ‘खराब भाग भरा’ दाबलं आणि चहा ठेवायला गेलो. (ताईकडे साखर कुठे असते हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. मी चार डबे उघडले. चौथ्यात स्क्रॅपबुकची बटणं होती.) परत आलो तर डाग गेलेला आणि त्या जागी एक मुलगी उभी. फ्रॉक, दोन वेण्या, आणि चेहरा असा की जणू आत्ताच कुणीतरी तिला ‘हलू नको’ म्हटलंय. तुमचं नाक. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी. खाली सॉफ्टवेअरने सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘बाहेर गेलीय, वय ६’.

मी घाबरलो नाही. चहा उतू गेला तो वेगळ्या कारणाने.

संध्याकाळी दाजींना दाखवलं. दाजी आयटीत आहेत, म्हणजे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असतं आणि कुठल्याच गोष्टीवर उपाय नसतो. ते हसले. म्हणाले, अरे, तू पाच मुलं सांगितलीस, एकाचा चेहरा दिला नाहीस, तर त्याने भावंडांच्या चेहऱ्यांवरून बनवला. रिकामी जागा दिसली तिथे ती उभी केली. भूत नाही, गणित आहे. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांची आमटीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी उरलेले तीस फोटो एकदम आत टाकले. गणिताचं काम, भ्यायचं कशाला?

तात्या, ती सगळ्यांत आहे. तुमच्या लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून, वय एकवीस. आमच्या बाबांच्या लग्नात पाण्याच्या टाकीशी, तांब्या हातात, वय बत्तीस. ताईच्या बारशात. आजोबा गेले तेव्हा वंदनेला बसलेल्या बायकांत शेवटची, डोक्यावर पदर. वय बरोबर वाढत जातं, केस बरोबर पिकत जातात, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. दाजी म्हणाले ठीक आहे, जन्मसाल दिलंयस तू. तेही मान्य. पण मी सगळे फोटो सालाप्रमाणे लावून टीव्हीवर एकामागोमाग सोडले, तेव्हा एक गोष्ट दिसली, जी सुटी सुटी बघताना दिसत नाही. ती दर फोटोत थोडी आत येते. आधी खांबापाशी, मग दारापाशी, मग बायकांच्या रांगेत. शेवटचा फोटो याच फ्लॅटमधला, गेल्या वर्षीच्या चौदा एप्रिलचा. त्यात ती उंबऱ्याच्या आत आहे. एक पाय आत, एक बाहेर. अनवाणी पाय आत. दाजींनी दोनदा बघितला. मग म्हणाले, “सर्व्हर स्लो असेल.” याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, आणि माझ्या मते त्यांनाही नाही.

वर ते सॉफ्टवेअर गप्प बसत नाही. बुद्धपौर्णिमेचं निमंत्रण त्याने आपणहून सगळ्यांना पाठवलं आणि मला यादी दाखवली. ‘नंदकुमार: पोहोचलं. किसन: पोहोचलं नाही’ (तुम्ही मोबाईल ठेवत नाही, त्याला तो काय करणार). ‘बाहेर गेलीय: पोहोचलं, वाचलं.’ आता नंबर माझाच होता, म्हणजे पोहोचलं तर माझ्याकडेच. पण माझा फोन त्या दिवशी दुरुस्तीला होता. (मोऱ्याच्या पाण्यात पडला होता, तीन आठवड्यांनी पाणी बोललं.) दुकानातल्या पोराने उघडून वाचलं असेल. मी त्याला विचारलेलं नाही. कारण तो नाही म्हणाला तर?

आता मुख्य. ताई म्हणाली, काही असो, आधी आजीला दाखवून बघू. मागच्या रविवारी आजीला खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला. चौसष्टचा फोटो आला. आजीने आजोबांकडे पाहिलं नाही, बाबांकडे नाही, तुमच्याकडे नाही. दोन महिने जी बाई आम्हाला शिष्टर आणि कंडक्टर म्हणत होती, ती सरळ बोट करून म्हणाली, “आली का गं बाय?” एवढंच. मग ताईकडे वळून, “शुभदे, दार लाव, लेकरू आलं आत.” शुभदे म्हणाली, तात्या. नावाने. ताई तिथेच प्लास्टरच्या हातात तोंड घालून रडायला लागली. आणि आजीने भाकरी मागितली. दीड भाकरी खाल्ली, बोंबलाच्या चटणीबरोबर. वर, “कंडक्टर, तू पण जेव.” दाजींना तेवढं नाही ओळखलं.

मग आम्ही शहाणपणा केला. तो सगळा माझा नाही, थोडा दाजींचाही आहे. दाजी म्हणाले, जी मुलगी कधी नव्हतीच, ती आजीच्या गळ्यात मारायची, ही फसवणूक आहे. तात्यांना कळलं तर काय म्हणतील? तुमचं नाव काढलं म्हटल्यावर आम्ही दोघं ताठ झालो. सोमवारी दुपारी फॉर्ममध्ये पाचाचे चार केले. सॉफ्टवेअरने विचारलं, ‘बाहेर गेलीय यांना कुटुंबातून काढायचे?’ मी हो दाबलं. एका झटक्यात एकतीस फोटो स्वच्छ. पुसलं गेलं, असं वाटलं.

त्यावर आजी उठली. जिला चार जणांनी धरावं लागतं ती उठली, भिंत धरत गेली, फ्लॅटचं दार सताड उघडलं आणि तिथेच पाटावर बसली. दीड दिवस. जेवली नाही, पाणीही घोटभरच. मी मंगळवारी तिच्याजवळ बसलो होतो. त्या उघड्या दारातून कोण कोण आलं म्हणून सांगू: एक मांजर, पाण्याच्या फिल्टरवाला, वरच्या मजल्यावरचे एक काका (घर विकायला काढलंय का विचारायला), आणि सोसायटीचा वॉचमन, की दार उघडं ठेवलं तर जबाबदारी आमची नाही. आजी प्रत्येकाच्या पायांकडे बघायची. तोंडाकडे नाही, पायांकडे. वॉचमनच्या बुटांकडे बघून तिने मान हलवली. तो बिचारा आता आमच्या मजल्यावर चढत नाही, खालूनच शिट्टी मारतो. मी म्हटलं, “आजी, कोणाची वाट बघतेस?” ती म्हणाली, “किसन चप्पल आनायला गेलाय ना. एका पायात घालून ती कशी येल?”

मी उठलो आणि पेटीतला मूळ फोटो काढला. कॉम्प्युटरमधला नाही, कागदाचा, डागासकट. भिंग नव्हतं, अक्षताच्या शाळेचं घेतलं. तात्या, त्या फोटोत तुमची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. मला आजपर्यंत वाटायचं तुम्ही फोटोवाल्याला घाबरलात म्हणून. मुठीतून चामड्याचा पट्टा लोंबतोय. लहान, चार बोटांची असेल-नसेल, अशी चप्पल. हे सॉफ्टवेअरने केलेलं नाही. हे चौसष्ट साली महाडच्या स्टुडिओत होतं. आणि दुसरं म्हणजे, तो डाग पडायच्या आधीही तुम्ही आजीपासून हातभर लांब उभे आहात. बाकी सगळे एकमेकांना चिकटून. मध्ये बरोबर एका पोरीएवढी जागा.

मग मला ते आठवलं. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं की आजी जेवायला वाढताना एक जास्त का मोजते. तुम्ही म्हणालात, गावाकडची पद्धत, लेकरांना नजर लागू नये म्हणून बायका एक जास्त मोजतात. मी मान डोलावली. तात्या, नजर! ज्या माणसाने मला चिंचेखाली उभं केलं, ज्याने गावातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यातला काळा दोरा कात्रीने कापला, तो माणूस मला नजर लागते असं सांगतो, आणि मला वीस वर्षं शंकाही येत नाही? आपल्या सगळ्या घराने ते कारण गिळलं. तुम्ही सांगितलं म्हणून. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून.

मला दमयंतीबाईंचं ताट आठवलं, आणि मी आत जाऊन चाराचे पुन्हा पाच केले. सॉफ्टवेअरने काही विचारलं नाही. ‘बाहेर गेलीय’ परत आली, जिथे होती तिथे. आजी दारातून उठली, जेवली आणि झोपली. तेव्हापासून रोज जेवते. पण दर जेवणानंतर विचारते, “किसन आला का चप्पल घेऊन?” आम्ही म्हणतो, येतोय. आता हे ‘येतोय’ किती दिवस चालवायचं ते मला कळत नाही, कारण ती रोज थोडी कमी होत चाललीय, खाऊनसुद्धा. डॉक्टर म्हणाले, पौर्णिमेपर्यंत बघू. तेवढंच म्हणाले.

असो. फार लांबलं. तुम्ही म्हणाल विषय सोडून भटकलास. या खेपेला मी एकदाही सोडला नाही, तात्या, सुटावा म्हणून फार प्रयत्न केला. कोंबड्यांना माझा, गुडघ्याला तेलाचा, आणि तुम्हाला पुन्हा एकदा उभ्यानेच जयभीम.

तुमचा आज्ञाधारक (असं तुम्हीच शिकवलंत लिहायला)
अंकुश

ता. क. १. सोबत पान सात छापून पाठवतोय, चौसष्टचा फोटो. तिच्या खालचं ‘बाहेर गेलीय’ मी खोडून तिथे रेघ मारलीय. तुम्ही आम्हाला परीक्षेत घालायचात तसं: रिकामी जागा भरा, गुण पाच. नाव काय होतं एवढंच लाल पेनाने लिहा. आजीला आता ते आठवत नाही, तिला फक्त वाट बघणं आठवतं. जगात ते नाव माहीत असलेला माणूस एकच उरलाय. नदीवर काय झालं ते लिहू नका, आम्ही विचारणार नाही (नदी हे मी मनानेच म्हणतोय, जोडातली एकच चप्पल तुमच्या हाती उरली, यावरून). खरं तर पानसुद्धा टपालाने पाठवू नका. स्वतः घेऊन या, पौर्णिमेच्या आधी. आणि ती चप्पल तुम्ही टाकली नसणार हे मला ठाऊक आहे, कारण तुम्ही खडूचा तुकडाही टाकत नाही. तीही आणा. आजी पाय बघते.

ता. क. २. वर मी लिहिलंय की मी घाबरलो नाही. सध्या मी दाजींच्या आणि भिंतीच्या मधे झोपतो. नारळ फोडावा असंही एकदा मनात आलं होतं, पण आपल्यात फोडत नाहीत, म्हणून फोडून त्याची चटणी केली. ती चुकांत धरू नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलंय. हॉलमध्ये टीव्हीच्या वर तुमच्या निवृत्तीचा फोटो आहे ना, शाळेच्या व्हरांड्यातला, हार घातलेला, काचेच्या चौकटीत. तो मी सॉफ्टवेअरमध्ये घातलेला नाही. ताईच्या मनगटामुळे तो भिंतीवरून उतरवलाच नाही, अजून खिळ्यालाच आहे, वर धूळही तशीच. आत्ता जेवताना आजीने त्याच्याकडे बोट केलं म्हणून मी खुर्चीवर चढून पाहिला. व्हरांड्याच्या शेवटच्या खांबाशी एक बाई उभी आहे, पंचावन्नची असेल. दाजी म्हणाले, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई असतील. असतील. सगळे शिक्षक कॅमेऱ्याकडे बघतायत, त्या तेवढ्या तुमच्याकडे. उजवा पाय अनवाणी आहे. याच फोटोची दुसरी प्रत तुमच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आहे, म्हणजे हे वाचताना ती तुमच्या पाठीशी असेल. बघून मला खिचडीवाल्या बाईंचं नाव कळवा. आणि त्या नसतील, तर तात्या, आधी तिला नावाने हाक मारा, मग वळा.